मामाकडे गेलेला कोंबडा

कोंबडी हा विषय मीच निवडला, आणि निवडताना त्या पोरीचा विचार माझ्या डोक्यात आलासुद्धा नाही. काय म्हणावं याला! समोर रोज बसायची ती. दाराशी, उंबऱ्यावर, अंगठा तोंडात.

नवरात्राच्या सुमारास तिची आत्या तिला बालमंदिरात घेऊन आली. पोर चार-साडेचार वर्षांची असेल. आत्याने तिला आत बसवलं आणि मला बाहेर नेऊन खालच्या आवाजात सांगितलं. पोरीची आई दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी गुहागरला गेली होती. श्रावणात तिकडेच बाळ-बाळंतीण दोघंही गेली. बाप मुंबईला गिरणीत. तो तेव्हा येऊन गेला, पण पोरीला तोंड दाखवायची हिंमत झाली नाही, परस्परच परतला. पोरीला यातलं काही माहीत नाही. आई मामाकडे आहे, बाळ जरा मोठं झालं की येईल, असं सांगून ठेवलंय. मे महिन्यात बाप बोटीने येईल तेव्हा तोच काय ते सांगेल.

"तोवर एक अक्षर बोलू नका, बाई. माझी शपथ आहे तुम्हाला."

मी लगेच हो म्हटलं. लग्नाआधीचं वय माझं. त्या वयात दुसऱ्याच्या शपथा घेताना काही जड वाटत नाही.

आमचं बालमंदिर रत्नागिरीत, मांडवीच्या मागच्या अंगाला, एका बंद पडलेल्या वखारीच्या दारं असलेल्या पडवीत भरायचं. पुढे चिऱ्यांचं अंगण, एक रायआवळ्याचं झाड, आणि कुंपणापलीकडे आमच्या मावशीचं घर. मावशी म्हणजे बालमंदिराची मावशी. पोरांना घरोघरून गोळा करून आणायची, पडवी सारवायची, नाकं पुसायची आणि मला अधूनमधून झापायची. मी मुंबईला बालशिक्षणाचा वर्षभराचा अभ्यासक्रम करून नुकती आले होते आणि अगदी उतू जात होते. फळ्यावर अ-आ-इ काढायचं नाही. महिनाभर एक विषय घ्यायचा, त्यातूनच मोजणं, बोलणं, गाणं, चित्र. आणि मुलाने काही विचारलं की उत्तर सांगून मोकळं व्हायचं नाही. "आपण बघू" म्हणायचं आणि खरोखरच बघायचं.

आधीच्या महिन्यात आम्ही मीठ केलं होतं. पोरांनी समुद्राचं पाणी आणून ताटल्यांत ओतलं, उन्हात ठेवलं आणि दिवसभर राखण करत बसली. कचेरीतले एक कारकून मला वाटेत अडवून म्हणाले, "अहो बाई, तुम्ही शिकवता तरी काय? आमचा चिरंजीव जेवायचं ताट पाण्याने भरून अंगणात ठेवतो आणि कुणाला हात लावू देत नाही. मी आज पत्रावळीवर जेवलो!" मला काय, अभिमानच वाटला.

कोंबडी मावशीची. दिवाळीनंतर ती खुडूक बसली, म्हणजे अंडी द्यायची थांबून नुसती अंडी उबवायला बसून राहिली. मावशी तिला डालग्याखाली झाकून आपल्याच पडवीत ठेवणार होती. मी म्हटलं, आमच्या पडवीत बसवा, पोरं बघतील.

"पोरं बगतील आनि अंडी फोडतील," मावशी म्हणाली. पण मी पाठच सोडली नाही, तेव्हा तयार झाली. एक अट घातली मात्र. "त्यातला एक कोंबडा माज्या राखणीचा. त्ये आत्ताच सांगून ठेवते. मागनं रडायचं नाय."

राखण म्हणजे काय ते रत्नागिरीत वेगळं सांगावं लागत नाही. जमिनीचा राखणदार असतो, त्याला वर्षाचा एक कोंबडा द्यायचा. द्यायचा म्हणजे मान कापून. मावशीचं मूळ घर आतल्या गावात होतं, तिथल्या तुकडाभर जमिनीची राखण दरवर्षी वैशाखात व्हायची. मी म्हटलं, बरं. कुणाचं पातेलं वापरून परत करायचं असतं तसं म्हटलं.

मग काय, धमाल! टोपलीत तूस घातलं, अंडी मांडली. वकिलांच्या घरून निरोप आला की आमच्या मुलीला अंड्याला शिवू देऊ नका. ती मुलगी दोन हात पाठीमागे बांधून नाक अंड्याला टेकेपर्यंत वाकायची. शिवत नव्हती, हे खरं. पोरं अंड्यांचं वजन हातावर तोलायची, चित्रं काढायची. कोंबडी दाणे टिपायला उठली की आम्ही दारं लावून कंदिलापुढे एकेक अंडं धरायचो आणि आत काळा ठिपका वाढताना बघायचो. "तो आत काय खातो?" "त्याला अंधारात भीती वाटते का?" "शी कुठे करतो?" माझं आपलं एकच, आपण बघू. एक खलाशाचा मुलगा होता, बाप जहाजावर अरबस्तानाकडे. तो म्हणाला, "बाई, तुम्हाला काहीच कसं येत नाही?"

ती पोर अंगठा तोंडात घालून दुरून बघत असे. चार-पाच दिवसांनी उंबऱ्यावरून उठली, टोपलीपाशी येऊन बसली. तिथेच बसू लागली. आणि एका सकाळी, मी जवळ तूस सारखं करत होते तेव्हा, तिने तोंडातून अंगठा काढला.

"ही उठत का नाही?"

दोन महिन्यांत पहिल्यांदा आवाज ऐकला मी तिचा. जरा घोगरा होता. मला इतका आनंद झाला की विचारू नका. माझी पद्धत, माझा विषय, मुकं मूल बोललं! मी म्हटलं, "का उठत नसेल गं? आपण बघू."

"मला माहितेय," ती म्हणाली. "माझी आई पण बसलीय. मामाकडे. बाळावर."

माझ्या हातातलं तूस तसंच राहिलं. मग मी म्हटलं, "हो का?" एवढंच.  त्या दिवशी घरी गेल्यावर आईविना पोरीपुढे तीन आठवडे आईपण मांडून ठेवणारी ही कोण शहाणी, असं स्वतःलाच विचारत राहिले. पण विषय थांबवला का? नाही थांबवला. ती बोलायला लागली होती ना! तो मोह सुटला नाही.

पिल्लं निघाली. दोन अंडी बाद गेली, बाकीची फुटली. पहिलं पिल्लू टरफलातून चोच काढत होतं तेव्हा सगळा वर्ग पालथा पडून बघत होता, वकिलांच्या मुलीसकट. ती पोर आता सतत बोलत होती. आई पिल्लांना पंखाखाली कशी घेते, हाक मारली की ती कशी धावतात, घार आली की आई कशी ओरडते. सगळं मला येऊन सांगायची आणि शेवटी म्हणायची, "माझी आई आली की तिला दाखवू." मी मान हलवायची. तोंडाने बोलायचं नाही अशी शपथ होती, मान हलवायची नव्हती थोडीच! अशा पळवाटा मी काढत होते.

तुम्ही कोंबड्या पाळल्या असतील तर पुढचं माहीत असेल. पिल्लं दीड-दोन महिन्यांची झाली की कोंबडीच त्यांना टोचून हाकलते. मला माहीत होतं? होतं की, माझ्या आजोळी कोंबड्या होत्या. पण आठवलं तेव्हा, जेव्हा ती पोर धावत आली. "बाई, ती मारतेय त्यांना! जवळ येऊ देत नाही!" खलाशाचा मुलगा म्हणाला, "मोठी झाली ना ती. आता आई नको त्यांना." पोरीने त्याला असा ढकलला की त्याचं कोपर फुटलं. मग तिने त्यातलं एक तांबडं पिल्लू उचललं, ओच्यात घेतलं, आणि ते दिवसभर खाली ठेवलं नाही. तेव्हापासून तो तांबडा तिचा झाला. घरून कण्या आणायची त्याच्यासाठी. तोही तिच्या मागे मागे हिंडायचा.

मी आत्याकडे गेले त्या संध्याकाळी. म्हटलं, आता सांगायला हवं हिला. मे महिना फार लांब आहे.

आत्या तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "तुम्ही शाळेत शिकवा बाई, आमचं घर आम्ही बघू." मग सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "मला नाही हो जमत. रोज रात्री विचारते. तोंडाशी येतं आणि मी मामाकडे म्हणून जाते." मी उठून आले. जास्त जोर लावायला हवा होता, पण खरं सांगू? तिने नाही म्हटल्यावर मला हायसंच वाटलं.

तांबड्याचा कोंबडा झाला. फाल्गुनात बांग द्यायला लागला, आधी घसा बसलेल्या भटजीसारखी, मग खणखणीत. बाकीच्या पिल्लांचं असं झालं की दोन मुंगसाने नेली, आणि उरल्या त्या साऱ्या तलंगा, कोवळ्या माद्या. म्हणजे कोंबडा एकच. हे गणित मला कळत नव्हतं असं नाही. मावशीला एकदा म्हटलं, "दुसरा कुठला कोंबडा नाही का चालणार? मी आणून देते." तर म्हणाली, "बोललेला हाय तो बाई. राखणदाराला बोललेला कोंबडा बदलायचा नसतो. माज्या पोरानातवंडांवर काय आलं तर तुमी येनार काय निस्तरायला?"  पण मुलांना आधी सांगता आलं असतं. हा कोंबडा मावशीचा आहे, अमुक दिवशी जाणार, असा जाणार. महिनाभर होता माझ्यापाशी. रोज सकाळी ठरवायची, आज सांगू. आणि ती पोर कण्या घेऊन यायची.

रविवारी राखण झाली. दुपारी मावशीची सून वडे आणि रस्सा घेऊन आमच्या घरी आली. काही घरांत राखणीचं जेवण शेतातच संपवतात, घरी आणत नाहीत. मावशीकडे मात्र कापलेला कोंबडा घरी आणून, सोलून, रांधून वाटायची रीत होती. "सासूबाई म्हनाल्या, बाईंनी वाडवला, बाईंचा मान पयला." नाकारायचं कसं? प्रसादाला नाही म्हणत नाहीत. मी पानावर बसले, आणि खाल्ला. चांगला झाला होता. हे लिहायला नको वाटतं, पण चांगला झाला होता आणि मी दुसऱ्यांदा रस्सा घेतला.

सोमवारी पोर कण्या घेऊन आली. कोंबडा नाही. सगळा वर्ग माझ्याभोवती. "बाई, तांबडा कुठाय? बाई, तांबडा कुठाय?"

"मामाकडे गेला," मी म्हटलं.

आपल्याकडे पोरांना असंच सांगतात. मांजर हरवलं, मामाकडे गेलं. लाडू संपले, मामाकडे गेले. सहज आलं ते तोंडात. पण बोलून झाल्यावर माझी नजर त्या पोरीकडे गेली. ती माझ्याकडे टक लावून बघत होती.  कण्यांची पुरचुंडी तशीच मुठीत होती.

"कोंबड्याला मामा असतो?" एकाने विचारलं.

"कुठल्या गावाला?"

मी म्हटलं, चला, गाणं म्हणू. तर खलाशाचा मुलगा उठला आणि माझ्याच सुरात म्हणाला, "आपण बघू!" झालं. सहा महिने मी पढवलेलं ते वाक्य. सगळी फौज अंगणात. आवळ्याच्या झाडाखाली बघितलं, वखारीमागे बघितलं, माती हुंगली, पावलं शोधली. मी "अरे थांबा" म्हणतेय आणि कुणी ऐकत नाही. शेवटी कुंपणातून पलीकडे मावशीच्या परसात. राखेच्या ढिगापाशी तांबडी पिसं पडली होती. खलाशाचा मुलगा मूठभर पिसं घेऊन परत आला आणि त्याने ती माझ्यापुढे धरली.

"बाई, मामाकडे जाताना पिसं काढून ठेवतात?"

मावशी दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि आत निघून गेली. मी मुलांना घेऊन पडवीत आले, खाली बसवलं, आणि सांगितलं. तांबडा मेला. मावशीच्या राखणीत त्याला कापला. तो मामाकडे गेलेला नाही, ते मी खोटं सांगितलं.

वकिलांची मुलगी रडली. बाकीच्यांनी प्रश्नांचा भडिमार केला. कोणी कापला? कोयत्याने का सुरीने? ओरडला का? खलाशाचा मुलगा म्हणाला, आमच्याकडे तर ईदला बकरा कापतात, मी बघितलाय, त्यात काय, सांगायचं ना सरळ! मग कुणीतरी विचारलं, "खाल्ला कोणी?"

"मावशीच्या घरच्यांनी," मी म्हटलं. आणि मग, "मीसुद्धा."

वकिलांची मुलगी रडायची थांबली आणि माझ्या तोंडाकडे बघू लागली. 

दुपारी मुलं गेली. आत्याला त्या दिवशी यायला उशीर झाला, म्हणून ती पोर आणि मी दोघीच राहिलो. ती येऊन माझ्याजवळ बसली. कण्या अजून हातात.

"बाई, माझी आई मामाकडे आहे."

तिने कण्यांची पुरचुंडी खाली ठेवली.

"ती पण मेली?"

"घरी विचार हं, आत्याला विचार."

"विचारलं. आत्या रडते. तुम्ही सांगा."

आत्याची शपथ होती. बाप दोन आठवड्यांत येणार होता. हे सगळं डोक्यात आलं. पण सकाळी एकदा तिच्या तोंडावर खोटं बोलून झालं होतं, पुन्हा बोलायला जीभ उचलली नाही. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "हो. मेली."

"बाळ?"

"तेही."

 मग विचारलं, "कोणी मारलं?"

देवा रे! ज्या क्रमाने मी तिला मरण शिकवलं होतं त्या क्रमाने ती विचारत होती. मी म्हटलं, कुणी नाही, कुणी मारलं नाही गं. ती आजारी पडली. बाळ होताना कधी कधी फार त्रास होतो, डॉक्टरलाही थांबवता येत नाही. तिला तुझ्याकडे यायचं होतं. एवढं सांगता सांगता मीच हुंदके द्यायला लागले. ती रडत नव्हती, माझ्या तोंडाकडे नीट बघत होती.

"तुम्हाला कधी कळलं?"

"तू इथे आलीस ना, त्या दिवशी."

तिने माझ्या हातातून हात काढून घेतला. उठली आणि उंबऱ्याशी जाऊन उभी राहिली, पाठमोरी. आत्या आली तेव्हा तिनेच सांगितलं, "आत्या, आई मेलीय. बाईंनी सांगितलं." आत्या तिथेच पायरीवर बसली आणि तिला कवटाळून मोठ्याने रडली. मग पोरही रडली. दोघी किती वेळ रडत होत्या कोण जाणे, मी आत उभी होते. जाताना आत्या माझ्याशी बोलली नाही. पुढे कित्येक दिवस बोलली नाही, आणि तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

पोर मात्र दुसऱ्या दिवशी आली. येत राहिली. मेमध्ये बाप येऊन गेला, पावसाळा गेला, आम्ही नारळ केला, होडी केली. तिने पुन्हा अंगठा तोंडात घातला नाही. सगळ्यांत जास्त प्रश्न तिचेच. फक्त एक झालं. मी काहीही सांगितलं की ती विचारायची, "खरं?" आज शनिवार आहे. "खरं?" गूळ उसाचा होतो. "खरं?" मी हो म्हटल्यावरही तिचं भागायचं नाही. दुसऱ्या कुणाला विचारून यायची, नाहीतर स्वतः हात लावून, चाखून बघायची, आणि मगच मानायची.

दिवाळीआधी मुंबईहून माझ्या अभ्यासक्रमाच्या एक बाई बालमंदिर बघायला आल्या. तासभर बसल्या. सगळा वेळ त्यांचं लक्ष त्या पोरीकडे. ती नारळाची करवंटी पाण्यात तरते का ते बघत होती. मी तरते म्हटल्यावर विश्वास न ठेवता बघत होती. पाहुण्या बाई भारावून गेल्या. "काय चौकस मूल आहे हो! ऐकीव गोष्ट मानतच नाही. अशीच तर मुलं घडवायची असतात आपल्याला. काय केलंत तुम्ही हिच्यासाठी?"

पोरीने करवंटीवरून मान वर केली. मी काय सांगते ते ऐकायला थांबली.

"मी तिच्याशी खोटं बोलले होते," मी म्हटलं.

पाहुण्या बाई हसल्या. त्यांना थट्टा वाटली.

"खरं," पोर त्यांना म्हणाली, आणि पुन्हा पाण्यात हात घातला.